खाटेखालचे मणी

मी नोकरीत होते तोवर माझ्या हुद्द्याचं नाव आमच्या घरात कुणालाही नीट घेता आलं नाही. परिवीक्षा अधिकारी. आई शेजारणींना सांगायची, "आमची शकू कोर्टात आहे," आणि शेजारणी तिच्याकडे दयेनं बघायच्या. सासरे मला पोलिसातच धरत. खेड्यात तर आणखी मजा. आणीबाणी संपली होती, पण तिची धास्ती संपली नव्हती. फिकट साडी, खांद्याला पिशवी, पायात सँडल अशी बाई गावात शिरताना दिसली की बाप्ये मागच्या दारानं खाडीकडे निघून जायचे. मी नसबंदीच्या ऑपरेशनवाली बाई नव्हे, हे पटवण्यात माझा निम्मा दिवस जायचा. "मंग तुमी कंच्या?" "कोर्टाकडून आले." हे ऐकलं की उरलेलेही पळायचे.

म्हणून आधी काम काय होतं ते सांगते. एखाद्यानं पहिल्यांदाच गुन्हा केला, तो सिद्ध झाला किंवा त्यानं कबूल केला, तर त्याला तुरुंगातच घातलं पाहिजे असं नाही. चांगल्या वागणुकीचा बाँड लिहून घ्यायचा, कुणीतरी जामीन राहायचं आणि त्या माणसाला एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरी सोडायचं, अशी कायद्यात सोय आहे. देखरेख करणारी ती मी. पण त्याआधी न्यायाधीश विचारतात, हा माणूस आहे कसा? त्याचं घर कसं, सोबत कुणाची, पुन्हा करील का? मग मी त्याच्या घरी जायचं, शेजारीपाजारी बसायचं, मिळेल तो चहा प्यायचा आणि अहवाल द्यायचा. माझ्या अहवालावर साहेबांनी मान डोलावलीच पाहिजे असं काही बंधन नव्हतं. बरेचदा ते डोलावत नसत.

माणसं एकेक नमुनेदार. एकजण बाँडवर सुटला, तो संध्याकाळपर्यंत कोर्टाच्या व्हरांड्यातच बसून राहिला. मी घरी निघाले तेव्हा म्हणतो, "मॅडम, शिक्षा कधी देणार? माझी शेवटची गाडी जाईल." दुसरा एक सायकलचोर महिन्याच्या हजेरीला झोकात सायकलवरून आला. सायकल कुणाची म्हणून विचारलं तर इतका दुखावला की मलाच त्याची समजूत काढावी लागली. सायकल त्याच्या मेव्हण्याची निघाली. पण पनवेल कोर्टाचं नाव काढलं की मला आठवतो तो मोरू.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. खाडीकाठच्या शेतांवर आणि मिठागरांवर नवं शहर उभं राहत होतं. नवीन पनवेल, कळंबोलीकडे इमारती झाल्या होत्या, पण त्यांच्यामध्ये अजून चिखल आणि बगळे होते. गिरगाव-दादरच्या एका खोलीतून माणसं दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आली होती आणि रोज सकाळी गॅलरीत उभी राहून आपल्याला केवढी हवा मिळते ते एकमेकांना सांगत होती. आम्हीही त्यातलेच. आमचं मूळ गाव महाडकडचं. बौद्धवाडीतून चेंबूरला आणि चेंबूरहून इथे, असा आमचा प्रवास.

मोरू म्हणजे मोरेश्वर, कामोठ्याच्या बाजूच्या एका गावातला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वय तिशीच्या पुढे. बाप आणि आजा मिठागरात फळी ओढणारे, म्हणजे वाफ्यात धरलेलं मीठ लांब दांड्याच्या फळीनं काठाला ओढून रास करणारे. सरकारनं मिठागर घेतलं, त्याचा मोबदला मालकाला मिळाला. फळी ओढणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. मोरू रंगाऱ्याच्या हाताखाली लागला आणि ज्या जमिनीवर त्यानं मीठ ओढलं होतं तिथल्याच इमारतींच्या भिंती रंगवू लागला.

त्यातलंच एक घर बर्व्यांचं. बर्वे सरकारी कचेरीत हेडक्लार्क, दोन्ही मुलं शिकायला बाहेर. दिवाळीआधी त्यांनी घर रंगवून घेतलं. स्वयंपाकघराचं गॅलरीकडचं दार पावसात फुगून कडी नीट बसत नव्हती, हे मोरूनंच बर्वेबाईंना दाखवलं होतं. "बाई, सुताराला बोलवा, यानं कुनी बी आत येल." बाईंनी सुताराला बोलावलं नाही. नंतर एकदा त्या पुण्याला माहेरी गेल्या, बर्वे कचेरीत होते, आणि भरदुपारी पाण्याच्या पाइपावरून गॅलरीत चढून त्याच दारानं मोरू आत शिरला.

बायका प्रवासाला जाताना करतात तेच बाईंनी केलं होतं. गळ्यात साधं आखूड मंगळसूत्र घातलं आणि लांब, सोन्याच्या मण्यांचं आणि वाट्यांचं कपाटात ठेवलं. कपाटाची किल्ली कॅलेंडरमागे. रंगकामाच्या वेळी कॅलेंडर मोरूनंच उतरवलं होतं. त्यामुळे किल्ली शोधायला त्याला काही कष्ट पडले नाहीत.

बर्वे संध्याकाळी आले तर गॅलरीच्या दाराला आतून कडी नाही, कपाट उघडं. दागिन्यांतलं एवढं मंगळसूत्रच गेलं होतं. गेलं म्हणजे काय, सोनं गेलं होतं. काळे मणी देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या पायाशी, नव्या दोऱ्यात ओवून ठेवलेले होते. दोऱ्याला गाठ मारलेली.

त्या गाठीनं मोरूचा घात केला. तपासाला आलेले म्हात्रे हवालदार स्वतः खाडीकाठचे. त्यांनी माळ हातात घेतली, गाठ बघितली आणि बर्व्यांना विचारलं, "आमच्या गावांकडचा कोन आलता का घरान कामाला?" ती जाळं विणताना मारतात ती गाठ होती. ओढली की आणखी आवळते, सुटत नाही. बर्व्यांनी मोरूचं नाव सांगितलं. हवालदार त्याच्या दारात उभे राहिले तेव्हा मोरू म्हणाला, "हां, मीच." सोनं घरातल्या मिठाच्या बरणीत तळाशी सापडलं. म्हात्रे नंतर मला म्हणाले, "बाई, गाठ वळखली नसती तर बरा झाला असता, असा कवाकवा वाटतो. पन वर्दी घातली ना." मण्यांचा पंचनाम्यात उल्लेख झाला, पण मुद्देमाल म्हणून जप्त झालं ते सोनं. मणी त्यांनी बर्वेबाईंना परत दिले.

मोरूनं कोर्टात गुन्हा कबूल केला. घरफोडी म्हटलं की लोकांना भिंतीला पाडलेलं भगदाड दिसतं. कायद्याला तेवढं लागत नाही. चोरीच्या इराद्यानं बंद दार ढकलून आत शिरलात की झाली घरफोडी. रात्रीची असेल तर शिक्षा जबर, दिवसाची असेल तर थोडी कमी. तरी मोरूला तीन वर्षांपर्यंत आत पाठवायचा अधिकार साहेबांना होता. एकवीस वर्षांच्या आतल्या मुलाला तुरुंगात घालायचं तर कोर्टाला कारणं लिहावी लागतात. मोरू ते वय कधीच ओलांडून बसला होता. त्याच्या बाजूनं एवढंच होतं की त्याच्या नावावर आधी साधी शिवीगाळसुद्धा नव्हती. त्याच्या वकिलांनी बाँडवर सोडण्याची विनंती केली.

सरकारी वकील हुशार माणूस. ते उठून म्हणाले, "साहेब, नवखा चोर हाताला लागेल ते घेऊन पळतो. हा माणूस दुसऱ्याच्या घरात सुईदोरा शोधून मणी ओवत बसला. इतकं थंड डोकं सराईताचंच असतं. आज पहिल्यांदा सापडला, एवढंच म्हणता येईल." कोर्टात हशा पिकला. खरं सांगायचं तर मलाही त्यांचं म्हणणं पटलं होतं. साहेबांनी माझ्याकडे बघून सांगितलं, "कांबळेबाई, अहवाल द्या. आणि हे मण्यांचं काय ते बघा."

मी सबजेलमध्ये गेले. मोरू उकिडवा बसला होता. हातापायांच्या भेगांत पांढरा रंग अजून तसाच. आमच्या नोकरीत एक शिकायला मिळतं, की 'चोरी का केलीस' हा प्रश्न पहिल्यांदा विचारायचा नाही. त्याचं उत्तर सगळे पाठ करून ठेवतात.

"त्या घरात किती वेळ होतास?" मी विचारलं.

"लय वेल, बाई."

"का?"

"मनी सांडलं ना."

मग त्यानं सांगितलं. सोन्याचे मणी काळ्या मण्यांत ओवलेले, ते काढायला दोरा तोडला. दोरा तुटला आणि काळे मणी खोलीभर गेले. सोनं मुठीत आलं होतं, दार उघडं होतं. त्यानं सोनं खिशात टाकलं आणि खाली बसून मणी वेचायला लागला. खाटेखाली आडवा झाला. कपाटाखाली हात घातला. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं तेव्हा त्याच्या अंगाला घाम सुटला, पण उठला नाही. मणी पुन्हा हातातून निसटू नयेत म्हणून शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन ओवले आणि गाठ मारली.

"अरे, पण पळून का नाही गेलास?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी काहीतरी भलतंच विचारलं.

"कसा पलू? काले मनी पायाखाली टाकून? बाईंचा मालक जिता हाय ना."

मला हसू आलं, रागही आला. म्हटलं, "आणि सोनं नेताना बाई आठवल्या नाहीत?"

त्यानं मान खाली घातली. "सोना परत करता येतो, असा वाटला. बहिनीचा लगीन हाय. जमिनीचा पैसा आलेल्या घरान देयाची होती. तिच्या अंगावर कायतरी दिसाला पायजे, असा ती लोकं बोलली." थोड्या वेळानं म्हणाला, "चुकलाच ते. पन मनी मी नाय नेलं."

माझ्याही गळ्यात मंगळसूत्र होतं. पण त्यावर नवऱ्याचं आयुष्य लटकलेलं असतं, असं मला माझ्या आईनं कधी शिकवलं नाही. आमच्या वस्तीत असल्या गोष्टींवर भाषणं व्हायची आणि आम्ही मुली टाळ्या वाजवायचो. सबजेलबाहेर आले तेव्हा माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. हे साहेबांच्या गळी कसं उतरवायचं? 'बाईंचा मालक जिता हाय' हे सरकारी अहवालात कुठल्या सदरात बसतं?

दुसऱ्या दिवशी गावात गेले. नेहमीप्रमाणे बाप्ये पसार झाले. मोरूची आई दारात मासळी निवडत बसली होती. ती धवलारीण. आगरी लग्नात गाण्यांमधून सगळे विधी चालवते ती बाई म्हणजे धवलारीण. भटजी उशिरा आला तर चालतं, तिच्यावाचून मांडवाचं पान हलत नाही. पण चोरी झाल्यापासून तिला एकाही मांडवातून बोलावणं नव्हतं. मुलीचं जमत आलेलं लग्नही तिकडच्या लोकांनी मोडलं होतं.

"पोरानं चोरी केली ती केली," ती म्हणाली. "मी नाय म्हनत नाय. पन त्याला जेलान घातला तर तो चोरांच्यान राहील, नि मंग चोरच होऊन येल. मना सांग बाय, घालतील काय?"

मी म्हटलं, माहीत नाही. खोटा धीर द्यायचा नाही, एवढं पथ्य मी नोकरीभर पाळलं. मग मण्यांचं विचारलं. तिनं हातातला बोंबील खाली ठेवला. लग्नघरात नवरीचे मणी तीच ओवायची. ओवताना एखादा मणी सांडला तर ती गाणं थांबवायची, आणि तो सापडेपर्यंत मांडवात कुणी पाऊल उचलायचं नाही, मग वरात दारात उभी असली तरी. ही तिची रीत साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. मोरूचा जन्म असल्या मांडवांत गेलेला.

"सोना चोरताना लाज नाय वाटली मेल्याला," ती म्हणाली, "नि मनी सांडल्यावर पाय उचलला नाय त्याचा. काय बोलू सांग." ती रडायला लागली आणि रडता रडता तिनं मला दोन ओंजळी जवळा बांधून दिला. घ्यायचा नसतो, हे तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली.

शेवटी बर्वेबाईंकडे गेले. फिर्यादीला भेटायलाच हवं असं नव्हतं, पण मी भेटायचे. बाईंनी मला कपात चहा दिला, आणि बरोबर चिवडा. हे मी का सांगते ते ज्यांना कळायचं त्यांना कळेल. चहा होईपर्यंत त्या शांत होत्या. मोरूचं नाव काढल्याबरोबर भडकल्या.

"अहो, कपात चहा दिला मी त्याला, ह्याच कपात! आणि मेल्यानं काय केलं? सोनं नेलंन ते नेलंन, वर करणी करून गेला!"

"करणी?"

"नाही तर काय? मंगळसूत्र तोडायचं, काळे मणी वेगळे काढायचे, ती विचित्र गाठ मारायची आणि माझ्या देवापुढे ठेवून जायचं. त्याच आठवड्यात ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. त्याला चांगली तीन वर्षं आत टाका म्हणावं."

मण्यांची माळ त्यांनी घरात ठेवली नव्हती. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगली होती. टाकून द्यायची भीती, आत ठेवायची भीती. मी त्यांना सगळं सांगितलं. धवलारणीची रीत सांगितली. खाटेखालचं सांगितलं. आणि मोरूचं ते वाक्य त्याच्याच शब्दांत सांगितलं.

बाई उठून गॅलरीत गेल्या, पिशवी आत आणली, माळ बाहेर काढली आणि पदरानं पुसली. "त्या खाटेखाली," त्या म्हणाल्या, "माझी कामवालीसुद्धा केर काढत नाही." एवढं बोलून त्यांना हसू आलं, पण डोळे भरले होते. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या आणि पुन्हा ताठ झाल्या. "तरी चोर तो चोरच हं, कांबळेबाई." मी म्हटलं, "हो. ते तोही नाकारत नाही."

अहवालात मी मोरूचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. आमच्या वरिष्ठांनी ते बघून कपाळाला हात लावला. म्हणाले, कोर्टात जाणारा कागद आहे, जरा शुद्ध भाषा वापरा. मी म्हटलं, शुद्ध केलं तर त्यातला जीव जाईल. त्यांनी सही केली, पण मला ते बरेच दिवस शुद्ध मराठीत बोलायला लावत होते.

निकालाच्या दिवशी सरकारी वकिलांनी आपला मुद्दा पुन्हा मांडला. सुईदोरा, थंड डोकं, सराईतपणा. बर्वेबाई सोनं ओळखायला आल्या होत्या. साहेबांनी माझा अहवाल बाजूला ठेवला आणि मोरूलाच विचारलं, "सगळे मणी वेचलेस?"

मी मनात म्हटलं, बाबा, हो म्हण.

मोरू म्हणाला, "नाय साहेब. एक कपाटाखाली रायला. हात पुरला नाय."

कोर्ट हसलं. वकीलही हसले. तेवढ्यात मागून बर्वेबाई उठल्या. कोर्टात असं मध्येच उठून बोलायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"तो सापडला," त्या म्हणाल्या. "ह्या बाई येऊन गेल्यावर मी कपाट सरकवलं. भिंतीला लागून होता. साहेब, मला ह्याचा राग आहे, अजून आहे. पण सोनं नेणारा एक आणि मणी वेचणारा एक, अशी दोन माणसं आहेत त्याच्यात. त्यातल्या दुसऱ्याला तुरुंगात घालू नका."

साहेबांनी त्यांना खाली बसायला सांगितलं. हुकूम मात्र त्यांनी तसाच दिला. दोन वर्षांचा बाँड, आई जामीन, देखरेख माझी. मोरूला ते एका दमात कळलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मानेनंच सांगितलं, घरी. तो हात जोडून उभा राहिला तो शिपायानं हलवेपर्यंत.

इथे गोष्ट संपली असती तर आमच्या खात्याच्या पुस्तिकेत छापता आली असती. पण तुरुंग टळला म्हणजे शिक्षा टळली असं नाही, हे मला ह्या नोकरीनं शिकवलं. बर्व्यांच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी वॉचमनला ताकीद दिली, की ह्या माणसाला फाटकातून आत सोडायचं नाही. पाठोपाठ आजूबाजूच्या सोसायट्यांनीही तेच केलं. पुढे पुढे तर मोरूच्या गावचा कुणी रंगारी आला तरी 'तिथला का? मग नको' असं व्हायला लागलं. मोरूच्या एका चोरीची झळ साऱ्या गावाला बसली आणि गावानं ती मोरूच्या पदरात घातली. हजेरीला यायचा तेव्हा मी विचारायचे, काम? तो मान हलवायचा. मी चार ठिकाणी शब्द टाकला. मला चहा देत, मोरूला काम देत नसत. ह्याचं मला अजून वाईट वाटतं. बाँडवर साहेबांची सही असते, पण त्या माणसाला आत घ्या असं लोकांना सांगणारा कायदा नाही.

शेवटी त्याला खाडीनं सांभाळलं. तो होड्यांना डांबर आणि रंग द्यायला लागला. हळूहळू आजूबाजूच्या बंदरांतून त्याला बोलावणी येऊ लागली. बहिणीचं लग्न एका गिरणी कामगाराशी झालं, अंगावर फारसं काही नसताना. त्या मांडवात आईच धवलारीण होती आणि त्यानंतर इतर मांडवांतूनही तिला पुन्हा बोलावणं येऊ लागलं. दोन वर्षं संपली तेव्हा मी फाइल बंद केली आणि शेरा लिहिला, वर्तणूक समाधानकारक. ह्याहून चांगला शब्द आमच्या खात्यात नव्हता.

त्यानंतर काही वर्षांनी बर्वेबाईंचा निरोप आला. बर्वे गेले होते, छातीच्याच दुखण्यानं. मी भेटायला गेले तर बाईंनी मला आतल्या खोलीत नेलं आणि पदराखालून मंगळसूत्र काढून दाखवलं. कोर्टातून सोनं मिळाल्यावर त्यांनी सोनाराला सांगून ते त्याच माळेला, गाठ न सोडता, तारेनं जोडून घेतलं होतं. मोरूची गाठ तशीच होती. इतकी वर्षं ती त्यांच्या मानेवर होती.

"नणंद म्हणते, नुसतं डोक्यावरून काढून चालत नाही, दहाव्याच्या आत दोरा सोडून मणी वेगळे करा. गाठ सुटत नाही म्हणून तिनं कात्री आणली," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, कात्री लावू देणार नाही. ज्यानं बांधली त्यानंच सोडवावी. त्याला बोलवाल?"

मी मोरूला घेऊन गेले. फाटकाशी वॉचमननं नाव-गाव विचारून अडवलंच. नवा होता, पण ताकीद जुनीच होती, ती त्याला वारशानं मिळाली होती. मी कोर्टाचं ओळखपत्र दाखवलं तेव्हा कुठे त्यानं वाट दिली. वर मोरू चपला काढून उंबऱ्याबाहेर उभा राहिला. बाई म्हणाल्या, "ये आत." तो आला आणि थेट जमिनीवर बसला. बाईंनी मंगळसूत्र डोक्यावरून काढून त्याच्या हातात दिलं. नणंद दारात उभी होती.

मोरूनं गाठीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ.

"बाई, ही सुटाची नाय," तो म्हणाला. "सुटाला बांदलीच नव्हती."

"मालक गेले रे आता, मोरू."

"ते गेलं. मनी तुमचं हायेत." मग हळू म्हणाला, "माज्या आयचा बी मालक गेला. तिचं मनी तिच्या पेटीन हायेत. कुनी कापलं नाय. तिनं कापू दिलं नाय."

मी तिथे बसले होते. आमच्या वस्तीतली सगळी भाषणं मला पाठ होती, पण त्यातलं एक वाक्यही मला त्या घरात बोलता आलं नसतं. बाईंनी मंगळसूत्र परत घेतलं, उठल्या आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या पायाशी ठेवलं. त्यानं ठेवलं होतं, अगदी तिथेच. नणंदेनं कात्री घेऊन स्वयंपाकघरात काढता पाय घेतला. बाईंनी मोरूला चहा दिला. कपातच दिला.

खाली उतरलो तर वॉचमन वाटच बघत होता. त्यानं मोरूच्या खांद्यावरची पिशवी धरली. "दाखव, काय नेतोयस?" पिशवीत डांबराचा ब्रश आणि भाकरीचं फडकं होतं. मोरूनं ती उघडायला सुरुवात केली. त्याची बोटं सवयीनंच पुढे आली. मी तोंड उघडणार तोच वरून हाक आली. बर्वेबाई गॅलरीत उभ्या होत्या, नवरा जाऊन आठवडा न झालेली बाई सगळ्या इमारतीला दिसेल अशी, गळा मोकळा.

"वॉचमन! सोडा त्यांना. पाहुणे आहेत माझे."

मोरूनं वर बघितलं. मग पिशवी खांद्याला लावली आणि फाटकातून, वॉचमननं उघडून धरलेल्या फाटकातून, बाहेर पडला.